उसना संत

जुन्या सामानाचा धंदा मी हातगाडीपासून सुरू केला. इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि त्यांच्या पोटातून जे जे बाहेर आलं, पंखे, टेबलं, भिंतीवरची घड्याळं, लोखंडी जिने, ते मी घेतलं आणि विकलं. घेताना मला कोणी फसवलं नाही आणि विकताना मी कोणाला सोडलं नाही. ही बढाई नाही, बाजारात कोणालाही विचारा. अख्ख्या आयुष्यात एकाच व्यक्तीनं मला सौद्यात पाणी पाजलं, आणि मजा अशी की त्या बाईंनी सौदा केलाच नाही. तेच मला जास्त लागलंय. समोरच्यानं भाव पाडून मला हरवलं तर मी त्याला चहा पाजतो. पण हे जे झालं त्यात कोणाला चहा पाजायचा?

अख्खा मिल एरिया त्यांना सिस्टर म्हणायचा. नव्या माणसाला वाटायचं, चर्चमधल्या असतील. मग त्या स्वतःच खुलासा करायच्या, "चर्चवाली नाही भिया, दवाखान्यावाली." मिलच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. वडील गोव्याचे, महूच्या पलटणीत बँड वाजवायला आलेले; आई नगरकडची मराठी. त्यामुळे सिस्टर एरवी मराठी बोलायच्या, पण रागावल्या की कोकणी, सुई टोचताना इंग्रजी, आणि कोणाला खोटं पाडायचं असलं की ठेठ इंदोरी. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, घरात आधीच इतके पुरुष आहेत, आणखी एक कुठे ठेवू?

ते पुरुष म्हणजे संत. तुकोगंजात एका जुन्या बंगल्याच्या मागे, एके काळच्या नोकरांच्या खोलीत त्या भाड्यानं राहायच्या. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह आणि भिंतभर लाकडी फळी. फळीवर ओळीनं संत. दोन-चार बायकाही होत्या त्यांच्यात. प्रत्येकाला खातं नेमून दिलेलं. संत ब्लेझकडे घसा. संत लुसीकडे डोळे. संत रीटाकडे वाईट नवरे. मिल एरियात हे खातं सगळ्यात जास्त चालायचं. संत जोसेफ सुतार होते, म्हणून नोकरीधंदा त्यांच्याकडे. हाताबाहेर गेलेल्या केसेस संत ज्यूडकडे. आणि हरवलेल्या वस्तूंसाठी संत अंतोनी. पण फळीवर अंतोनीची जागा रिकामी होती. ती का, ते पुढे सांगतो.

हे सगळं मिलच्या कायद्यानं चालायचं. मागितलेलं काम संतानं केलं नाही तर पहिल्यांदा तोंडी समज. दुसऱ्यांदा सगळ्या संतांसमोर खरडपट्टी. तरी नाही झालं तर सस्पेंड. सस्पेंड म्हणजे त्या संताचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचं. मेणबत्ती बंद, फूल बंद. तेवढ्या दिवसांत त्याचं काम दुसऱ्याला. मिलमध्ये कायम कामगार गैरहजर राहिला की गेटवर उभ्या असलेल्या बदली कामगाराला आत घेतात, तसंच हे. ज्या दिवशी मिल बंद पडली त्या दिवशी जोसेफ सस्पेंड झाले. नोकरीच्या केसेस बदलीवर लुसीकडे गेल्या. घरमालकाच्या भाच्याला नोकरी लागत नव्हती, सिस्टरांनी लुसीपुढे मेणबत्ती लावली, आणि महिन्याभरात तो चष्म्याच्या दुकानात लागला. मिल बंद पडली, पण सिस्टरांच्या फळीवर तिन्ही पाळ्या चालू होत्या.

चर्चमधल्या फादरना हे कळलं तेव्हा ते समजावायला आले. देणारा देव एकच आहे, संत फक्त आपल्यासाठी त्याच्याकडे विनंती करतात, असं बरंच सांगितलं. सिस्टरांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "ते मला माहीत आहे, फादर. मालक एकच. पण मालकाच्या बंगल्यावर कामगार जातो का कधी? मी जॉबरशी बोलते." फादर मिलवाले नव्हते. त्यांना जॉबर म्हणजे कोण ते समजावून सांगावं लागलं. माझे वडील, अण्णा, त्याच मिलमध्ये जॉबर होते, सांच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या, माणसांचे मुकादम. म्हणून मला समजावावं लागलं नाही.

मी एकदा त्यांना टोकलं होतं. इतकी श्रद्धा आहे म्हणता, आणि संतांवर खेकसता? त्या म्हणाल्या, "श्रद्धा आहे म्हणूनच खेकसते. ज्याच्याकडून काही होणार नाही त्याच्यावर कोण रागावतं? पंख्यावर रागावतो का कोणी?" मी पंख्यावरही रागावतो.

आता अंतोनीचं. हातभर उंच लाकडी मूर्ती. तपकिरी झगा, डोक्याला गोल टक्कल, कडेवर बाळ येशू. सिस्टरांच्या वडिलांनी ती गोव्याहून आणली, आणि सिस्टरांनी ती मिलच्या दवाखान्यात नेऊन औषधांच्या लोखंडी कपाटात ठेवली, टिंचर आणि बँडेजच्या मधे. कामगार त्याला पोरवाला बाबा म्हणायचे. त्यांना तो आपल्यातलाच कोणी साधू वाटायचा, बालकृष्णाला कडेवर घेऊन फिरणारा. अण्णा सांगायचे, ताप आल्याचं सोंग करून कोणी सुट्टीची चिठ्ठी मागायला गेला की सिस्टर कपाट उघडायच्या आणि म्हणायच्या, हे त्याला सांग. निम्मे लोक तिथेच बरे व्हायचे.

मग एके दिवशी पहिली पाळी कामावर गेली तर गेटला कुलूप. अंतोनी आत राहिला. सिस्टर रोज गेटवर जाऊन वॉचमनला म्हणायला लागल्या, "माझा एक माणूस आत राहिलाय." वॉचमन नवीन होता, बाहेरगावचा. तो घाबरला. बॅटरी घेऊन सगळी खाती पालथी घातली, बॉयलरमध्ये हाका मारल्या. शेवटी त्यानं विचारलं, दिखता कैसा है? सिस्टर म्हणाल्या, ठेंगणा, टक्कल पडलेला, कडेवर मूल. तेव्हापासून तो वॉचमन अंधार पडल्यावर गेटची कोठडी सोडेना.

पुढे कित्येक वर्षांनी मिलच्या सामानाचे लॉट विकायला निघाले. दवाखान्याचा लॉट मी घेतला: तपासणीचं टेबल, पांढरे स्टूल, आणि किल्ली नसलेलं एक लोखंडी कपाट. माल दुकानात उतरतोय तोच सिस्टर हजर. मी छिन्नी लावून कपाट फोडलं. आत अंतोनी उभा. धुळीत बरबटलेला, पण बाळ शाबूत.

सिस्टरांनी पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि कोकणीतून त्याला असं काही झापलं की रस्त्यावरचे लोक थांबले. मग त्याला काखेत मारून त्या निघाल्या.

मी म्हटलं, सिस्टर, एक मिनिट. लॉट माझा आहे.

माझी बाजू नीट समजून घ्या. मी फुकट काही घेत नाही आणि फुकट काही देत नाही. हातगाडीवर होतो तेव्हा एकानं मला दया दाखवून जुना कोट दिला होता. तो मी त्याच्या दारात ठेवून आलो. एकदा फुकट द्यायला सुरुवात केली की दुकान राहत नाही, धर्मशाळा होते. म्हणून मी म्हटलं, तुमच्यासाठी भाव कमी करतो, पण भाव हा भाव.

तर त्या म्हणाल्या, विकत घेता येणार नाही. माझ्याकडे पैसे नाहीत असं नाही, पण ही आशीर्वादित मूर्ती आहे. फादरच्या हातून पाणी शिंपडलेली. अशी वस्तू विकली की तिचा आशीर्वाद जातो, मग ती नुसतं लाकूड. मी धंद्यात खोटा माल पुष्कळ पाहिला, पण विकला की खोटा होणारा माल पहिल्यांदाच पाहत होतो. मी म्हटलं, मग तो आधीच गेलाय. मी लॉटचे पैसे भरलेत.

सिस्टर शांतपणे पांढऱ्या स्टुलावर बसल्या. "तू कपाट विकत घेतलंस, सेठ. आत कोण आहे ते तुला माहीत होतं का? जे माहीत नव्हतं त्याचे पैसे तू दिलेच नाहीस. आशीर्वाद आहे तसाच आहे."

असा मुद्दा तुकोगंजातल्या वकिलाला सुचला नसता. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ठीक आहे, मग तो माझ्या दुकानातच राहील, आशीर्वादासकट. खरं म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर दिल्लीचा एक डीलर होता. तेव्हा बाजार नुकताच खुला झाला होता. ज्यांच्या घरात नवीन पैसा येत होता त्यांना जुनं सामान पाहिजे होतं, आणि हा माणूस फार्महाऊससाठी असल्या मूर्ती शोधत फिरायचा. मी त्याला फोन लावला. पंधरवड्यानं येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर पुन्हा आल्या. पिशवीतून त्यांनी संत ज्यूड काढले आणि माझ्या विक्रीच्या फ्रिजवर उभे केले. अंतोनीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. स्वतःला सोडवता आलं नाही म्हणून तो सस्पेंड. त्याची केस आता बदलीवर ज्यूडकडे. मग त्यांनी जपमाळ काढली. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, नोव्हेना. नऊ दिवस.

मला वाटलं, नवस. माझी आई नवस बोलायची: आधी काम कर, मग नारळ. स्वच्छ व्यवहार आहे तो. पण सिस्टर म्हणाल्या, नोव्हेना नवस नाही. नऊ दिवस आपण आधी द्यायचे, काम होईल की नाही ते त्याची मर्जी. मी म्हटलं, म्हणजे पूर्ण ॲडव्हान्स, आणि माल मिळेलच याची गॅरंटी नाही? त्या म्हणाल्या, बरोबर समजलास. असल्या अटींवर मी खिळासुद्धा घेतला नसता.

दुकानाचं काय झालं ते विचारू नका. बायका यायला लागल्या. कोणाचा झुमका हरवलेला, कोणाचा नवरा. गिऱ्हाईक कपाट बघायला दार उघडायचं तर आत मेणबत्ती. मी ओरडायचो, आणि सिस्टर डोळे मिटूनच हात वर करायच्या, इंजेक्शनच्या वेळी ओरडणाऱ्या पेशंटला करतात तसा. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हुकूम सोडला: उद्या येताना अण्णांना घेऊन ये.

अण्णा मिल बंद पडल्यापासून घराबाहेर पडत नव्हते. पहाटे पाळीच्या वेळी उठायचे, दाढी करायचे, कपडे घालायचे आणि पलंगावर बसून राहायचे. बोलणं जवळजवळ बंद. मी स्कूटर घेतली, फ्रिज घेतला, त्यांना दाखवला, ते हं म्हणाले. मला वाटलं, येणार नाहीत. पण सिस्टरांनी बोलावलंय म्हटल्यावर ते चपला शोधायला लागले. दुकानात आले, भिंतीकडे तोंड केलेला अंतोनी पाहिला आणि मला विचारलं, "याला का सस्पेंड केलं? चौकशी न करता?"

त्या दिवसापासून दोघं समोरासमोर स्टुलावर. सिस्टरांची माळ झाली की भांडण सुरू. मिल मॅनेजमेंटनं बुडवली की युनियननं, यावर अण्णा इतकं बोलले की संध्याकाळी घसा बसला, आणि सिस्टरांनी त्यांची केस संत ब्लेझकडे पाठवली. मी गल्ल्यावर बसून ऐकत होतो. वडिलांचा आवाज असा आहे, हे मी विसरलो होतो. पण धंदा बसला होता, हेही तितकंच खरं.

नवव्या दिवशी दिल्लीवाला आला. कबूल केल्यापेक्षा आधीच आला, म्हणजे गरज त्याला जास्त, हे मी लगेच ओळखलं. त्यानं अंतोनीला उचललं, बोटांनी ठोकून पाहिलं, वाळवी नाही ना म्हणून तळ तपासला. मी उदासपणे म्हटलं, मला तर विकायचीच नाहीये. तो चढला. मी उसासा टाकला. तो आणखी चढला. असा सौदा मी पुन्हा केलेला नाही. आठवलं की आजही हात शिवशिवतात. सिस्टर माळ ओढत होत्या, वर बघतही नव्हत्या. दिल्लीवाल्यानं खिशात हात घातला.

तेवढ्यात अण्णा उठले. पाळीत एखाद्या सांच्यासमोर जाऊन उभे राहायचे, तसे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"भाईसाब, नीचे रख दो. ये मिल का आदमी है. ड्यूटी पे है."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वडील आहेत, थोडे आजारी असतात. अण्णा म्हणाले, "मिल गेली तेव्हा सगळं विकलं गेलं. माणसांतलं एवढं एक माणूस सापडलंय. हे नाही." हे त्यांनी मराठीत म्हटलं, म्हणजे मला म्हटलं. दिल्लीवाल्यानं मूर्ती खाली ठेवली. अशा घरगुती गोष्टीत बाहेरचा माणूस थांबत नाही. तो गेला तो गेलाच.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वडिलांना बोललो, सिस्टरांना बोललो, ज्यूडला फ्रिजवरून उतरा म्हटलं. बोलून दम लागल्यावर सिस्टरांनी माळ पिशवीत ठेवली.

"हे बघ सेठ. मला तो विकत घेता येत नाही. तुला फुकट देता येत नाही. मग असं कर, उसना दे."

विकत म्हणजे काय ते मला कळतं. उधार कळतं, भाडं कळतं, गहाण कळतं. पण उसना? उसनी साखर, उसनं पीठ. बायका मागच्या दारानं वाटी नेतात आणि परत आणतात, त्यात ना भाव, ना व्याज, ना लिखापढी. धंद्यात या शब्दाला जागाच नाही, म्हणून त्याला उत्तरही नाही. नाही म्हणावं तर काय म्हणून? माल माझाच राहतो, परत येणार, आणि मी फुकट काही देत नाही. एकही अट मोडत नाही. आणि तरी मूर्ती दुकानाबाहेर जाते. मी तोंड उघडेपर्यंत अण्णांनी अंतोनीला गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधलं होतं.

त्यानंतर अण्णा रोज पहिल्या पाळीच्या वेळी सायकल काढून तुकोगंजात जायचे. संतांना पेपर वाचून दाखवायचे. सिस्टर चुका काढायच्या. अण्णा गेले तेही असेच, चालताबोलता. आदल्या दिवशी संत रीटाशी महागाईवर बोलून आले होते. सिस्टर आमच्या घरी आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि आमच्याच बायकांबरोबर खाली बसल्या. माळ पदराखाली होती. ती चालू होती, हे मला दिसत होतं.

पुढे मी त्यांच्याकडे जायचो. माझा माल कसा आहे ते बघायला; उसन्या दिलेल्या मालावर नजर ठेवावी लागते. एकदा गेलो तर फळीवर जोसेफचं तोंड पुढे. मी म्हटलं, काय, मिल उघडली की काय? सिस्टर हसल्या. म्हणाल्या, नाही रे, आता तिथे दुकानं होणार म्हणतात. मग जोसेफकडे बघून म्हणाल्या, "किती वर्षं मी त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मिल उघडणं त्याच्या हातात नव्हतं. पण बंद पडली तेव्हा तो माझ्याजवळ होता, हे मला आत्ता आत्ता कळायला लागलं. आता मी कोणाकडे काही मागत नाही. नुसती बसते त्यांच्यात."

सगळे संत पुढे बघत होते. एकटा अंतोनी भिंतीकडे. मी विचारलं, मग यानं काय केलं? म्हणाल्या, त्याची एक केस पेंडिंग आहे. कोणाची, ते सांगितलं नाही. मालक मी, आणि माझ्याच मालाची केस मला माहीत नाही. मी चिडून निघून आलो.

सिस्टर गेल्या त्याच्या दुसऱ्या आठवड्यात चर्चमधली एक तरुण सिस्टर, ही खरोखरच चर्चवाली, केरळची, रिक्षातून दुकानात उतरली. हातात ओळखीचं गोणपाट. पाठ करून आल्यासारखं म्हणाली, "उन्होंने बोला, उधार नहीं बोलना, उसना बोलना. वापस आया है." तिनं अंतोनीला टेबलावर ठेवलं आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी विचारलं, हे कशाला?

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, सिस्टर म्हणत होत्या, उसनी आणलेली वाटी रिकामी परत करत नाहीत म्हणे. म्हणून यात तुमच्यासाठी एक प्रार्थना भरून ठेवलीये. ती पुरी झाली नाही, म्हणून हा अजून सस्पेंड आहे.

"कौनसी प्रार्थना?"

"आपका गुस्सा गुम हो जाए."

म्हणजे बघा. ज्याचं काम हरवलेलं शोधायचं, त्याला या बाईंनी हरवायचं काम दिलं. इतकी वर्षं. मला न विचारता. मी त्या पोरीवर असा भडकलो की बाहेर रिक्षावाल्यानं रिक्षा सुरू केली. तिनं नुसतं अंतोनीच्या पाठीकडे बघितलं.

तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. विकला की खोटा होणार, म्हणून विकता येत नाही. परत करावा तर माणूस नाही. आयुष्यात फुकट आलेला हा एकच माल, आणि तो मी कोणाच्या दारात ठेवून येऊ? गिऱ्हाईकं विचारतात, ये दीवार की तरफ क्यूं? मी सांगतो, सस्पेंड आहे.

पण सस्पेंड केलेल्यालाही चौकशी मिळाली पाहिजे, असं अण्णा म्हणायचे. म्हणून सकाळी शटर वर केलं की मी त्याचं तोंड पुढे फिरवतो, हजर करून घेतो. मग गिऱ्हाईकं येतात, घासाघीस करतात, दिवस चढत जातो. मी कोणावर भडकलो की त्याचं तोंड पुन्हा भिंतीकडे. बहुतेक दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतो.